कोकरांचे वजन वाटेवरही मोजले जावे : पशुसंगोपन खात्यास आणि मेंढी संशोधकांस खुले पत्र

प्रति,
मा. उपसंचालक, पशुसंगोपन व पशुवैद्यकीय सेवा खाते, बेळगाव जिल्हा,
तसेच पशुवैद्यकीय महाविद्यालयांत मेंढ्यांवर संशोधन करणारी प्राध्यापक मंडळी यांस,

महोदय,

चिकोडी तालुक्यातल्या एका मेंढपाळ घरात माझा जन्म झाला आणि माध्यमिक शाळेत गणित शिकवण्यात माझी नोकरी सरली. धाकटा भाऊ अजून दख्खनी मेंढ्यांची खांड राखतो. पावसाळ्यात त्याचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, अथणी आणि जतच्या कोरड्या माळावर असतो. दिवाळीनंतर तो कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगेच्या काठाने, पिके निघालेल्या रानांतून बकरी बसवत, म्हणजे लेंडीखतासाठी रात्री शेतात मुक्कामाला ठेवत, फिरतो. (आमच्याकडे मेंढरांनाच बकरी म्हणतात, हे आपल्याला ठाऊक असेलच.) निवृत्तीनंतर दोन हंगाम मी अधूनमधून त्याच्या वाड्यावर राहिलो, ते एक लटकवायचा काटा आणि दोनशे पानी वही बरोबर घेऊन. हे पत्र लिहायला मात्र त्या वहीपेक्षा एक कर्जप्रकरण अधिक कारणीभूत झाले आहे.

माझ्या एका चुलतभावाने बंदिस्त मेंढीपालनासाठी कर्ज काढले. प्रकल्प अहवाल एका सल्लागाराने करून दिला होता. कोकरू रोज १५० ग्रॅमने वाढते आणि पाच महिन्यांत २५ किलोचे होऊन विक्रीला जाते, असे त्यात एका ओळीत लिहिले होते, आणि हप्त्यांचे सगळे वेळापत्रक त्या एका ओळीला टांगलेले होते. पाचव्या महिन्यात त्याची कोकरे सतरा-अठरा किलोच्या पुढे गेली नाहीत. हप्ता चुकू नये म्हणून त्याने ती उक्त्या भावाने दलालाच्या हवाली केली, आणि पुढच्या हप्त्याला नव्या वेताच्या चार मेंढ्याही गेल्या. यात कोणी लबाडी केली असे मला म्हणायचे नाही. तो आकडा कुठल्या तरी गोठ्यात, कुठल्या तरी कोकरांवर खराही ठरला असेल. आमच्या कोकरांवर तो कोणी पडताळून पाहिला नव्हता, एवढेच.

तीन किलोच्या कोकरात रोज १५० ग्रॅम मिळवत गेले तर १४७व्या दिवशी २५ किलो होतात. बेरीज बरोबर आहे. पण कोणतेही कोकरू सरळ रेषेत वाढत नाही. जन्मल्यावर त्याची रोजची वाढ आधी चढत जाते, एका वजनापाशी तिचा कळस होतो आणि तिथून पुढे पूर्ण वाढ होईपर्यंत ती उतरत राहते. ही वाकडी रेषा मांडण्यासाठी जी सूत्रे जगभर वापरली जातात, त्यांपैकी गोम्पर्ट्झ यांचे सूत्र मला सर्वांत सोयीचे वाटते. ते १८२५ साली विम्याच्या कामासाठी, वयानुसार माणसांचा मृत्युदर कसा चढतो हे मांडताना निघाले, आणि पुढे जिवंत प्राण्यांची वाढ मोजायला लागू पडले, हा गणिताच्या इतिहासातला एक गमतीचा योगायोग आहे. या सूत्रानुसार रोजची वाढ म्हणजे तीन गोष्टींचा गुणाकार : एक वेगगुणक (वाढ किती वेगाने होते हे ठरवणारी संख्या), कोकराचे आजचे वजन, आणि पूर्ण वाढीच्या वजनाला आजच्या वजनाने भागून येणाऱ्या संख्येचा नैसर्गिक लॉगॅरिदम. यात वाढीचा कळस पूर्ण वजनाच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येतो. लॉजिस्टिक सूत्रात तो बरोबर निम्म्यावर येतो, बर्टालान्फी यांच्या सूत्रात ३० टक्क्यांच्या जरा अलीकडे, आणि ब्रोडी यांच्या सूत्रात कळस असा नसतोच, वाढ पहिल्या दिवसापासून उतरती धरलेली असते. कोणते सूत्र निवडले यावर विक्रीचे वय बदलते, म्हणून ही निवड संगणकावर सोडून देण्यासारखी नाही.

एक उदाहरण मांडतो. यातले आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, कोणत्याही कळपावर मोजलेले नाहीत. पूर्ण वाढीचे वजन ३० किलो, जन्मवजन ३ किलो आणि वेगगुणक रोज ०.०१२ धरला, तर सुमारे ७०व्या दिवशी, कोकरू ११ किलोचे असताना, वाढीचा कळस येतो आणि तो असतो १३२ ग्रॅम. वीस किलो व्हायला १४५ दिवस लागतात आणि पंचवीस व्हायला २११. म्हणजे कळसालाही १५० ग्रॅमची मजल नाही. आता बाकी सारे तेच ठेवून वेगगुणक ०.००८ करा. कळस १०४व्या दिवसावर जातो आणि ८८ ग्रॅमवर येतो, वीस किलोला २१७ दिवस लागतात आणि पंचवीसला ३१७. प्रकल्प अहवालातल्या १४७ दिवसांशी हे ताडून पाहावे. शिवाय पंचवीस किलोच्या कोकराची वाढ पहिल्या उदाहरणातसुद्धा रोज ५५ ग्रॅमवर आलेली असते, आणि ते ११ किलोच्या कोकरापेक्षा बराच जास्त चारा खात असते. चारा विकतचा असेल तर हे शेवटचे पाच किलो फार महाग पडतात. अशा वेळी अठरा-वीस किलोवर विकलेले कोकरू पदरात जास्त टाकून जाते, हे साध्या हिशेबाने दाखवता येते. पण त्यासाठी वेगगुणक आमच्या मेंढरांचा आणि आमच्या चाऱ्यावरचा हवा.

तो आज आमच्या हाती नाही. आमच्यापर्यंत पोहोचणारे आकडे बहुधा बंदिस्त गोठ्यातल्या, मोजून खुराक घातलेल्या कोकरांचे असतात, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण गोठ्यात कोकरू जागेवर असते, खाल्लेले आणि उरलेले दोन्ही तोलता येते. आमच्या भागातली बरीच कोकरे मात्र गोठ्यात वाढत नाहीत. काही कोकरे वर्षातले पाच-सहा महिने चालत असतात. काही गावाच्या पडावर चरून संध्याकाळी मूठभर मका, पेंड नाहीतर भुईमुगाचा पाला खातात. बंदिस्त असणारी त्यामानाने थोडी. या तीन व्यवस्थांना एकच तक्ता लावणे म्हणजे खानापूरच्या जंगलपट्ट्याला आणि अथणीच्या माळाला एकच पाऊस धरून पेरणीचा सल्ला देणे होय.

चालण्याचा खर्च आधी घ्या, कारण कागदावर तो सर्वांत सहज विसरला जातो. मेंढराला सपाट जमिनीवर एक मीटर चालायला दर किलो वजनामागे साधारण २.६ ज्यूल ऊर्जा लागते, असे पशुआहाराच्या प्रमाणित तक्त्यांत धरलेले असते. चढाला त्याच्या दसपट. पंधरा किलोचे कोकरू दिवसात दहा किलोमीटर चालले तर त्याला नुसते जगण्यासाठी जी ऊर्जा लागते तिच्यात एक पंचमांशाची किंवा थोडी जास्त भर पडते. हा पंचमांश आधी भागतो आणि वाढीसाठी त्याच्या मागचे उरलेले मिळते. दूधगंगेच्या काठी भाऊ दिवसाला तीन-चार किलोमीटरच फिरतो. मात्र एका मुक्कामाहून दुसऱ्याकडे जाताना, विशेषतः तंबाखूचा पट्टा ओलांडताना, दिवसभर चालूनही पोटात काही पडत नाही; तंबाखूचे रान हिरवे दिसले तरी तो मेंढराच्या तोंडचा घास नव्हे. असे दिवस वहीत वेगळे दिसतात. त्या दिवसांनंतरच्या वजनाला आठवडाभर चढ नसतो.

दुसरी गोष्ट चाऱ्याची प्रत. चैत्र-वैशाखात माळावरचे गवत वाळून उभे असते, पोट भरलेले दिसते, पण त्यात प्रथिने चार टक्क्यांच्याही खाली उतरलेली असतात. चाऱ्यातली प्रथिने साधारण सात टक्क्यांखाली गेली की कोठीपोटातल्या (जिथे चारा आंबून पचतो त्या मोठ्या पोटातल्या) जंतूंचीच उपासमार होते, चारा पचायला वेळ लागतो आणि जनावराचे खाणेही कमी होते. म्हणजे अडचण दुहेरी आहे. अशा वेळी बाभळीच्या शेंगा, शेवरीचा पाला किंवा शंभर-दीडशे ग्रॅम पेंड जे काम करते, ते किलोभर वाळले गवत करू शकत नाही. आमच्या आईला हे कोणी शिकवले नव्हते. ती उन्हाळ्यात बाभळी झोडून शेंगा साठवायची आणि फक्त कोकरांना घालायची. वाढीच्या प्रतिमानात, म्हणजे वाढ आधीच सांगणाऱ्या गणिती मांडणीत, महिन्यागणिक चाऱ्याची प्रत घातली नाही, तर या शेंगांचे मोल त्यात कुठेच दिसणार नाही.

म्हणूनच वाटेवरच्या कोकरांना गोम्पर्ट्झची एकच गुळगुळीत रेषा पुरत नाही, हे गणिताचा शिक्षक म्हणून मला मान्य करावे लागते. ती रेषा कोकरू पोटभर खाऊन कुठवर जाऊ शकते याची वरची मर्यादा म्हणून ठेवावी. त्याच्या खाली दिवसागणिक हिशेब मांडावा : आज किती आणि कसले खाल्ले, जगण्याला किती गेले, चालण्याला किती गेले, आणि उरले ते मर्यादेच्या आत राहून अंगावर किती आले. पहिले तीन-चार आठवडे हा हिशेब कोकराचा नसून त्याच्या आईचा असतो, कारण तेव्हा सगळी मदार दुधावर असते आणि एक किलो वजनामागे ढोबळ पाच लिटर दूध जाते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कोकरू चघळायला लागते, पण कोठीपोट कामाला लागायला दीड-दोन महिने जातात. पावसाच्या तोंडावर मेंढा लागलेल्या मेंढ्या पाच महिन्यांनी कार्तिकाच्या आगेमागे वितात, तेव्हा सोयाबीन निघून गेलेले असते आणि उसाचे फड नुकते मोकळे होऊ लागलेले असतात. त्या महिन्यात मेंढीच्या पोटात जे पडते त्यावर कोकराचे फाल्गुनातले वजन ठरते.

आता ज्या गोष्टीने मला वाड्यावर सर्वांत जास्त कोड्यात टाकले, तिच्याबद्दल. उन्हाळ्यात वजन अडलेली कोकरे मृगाच्या पावसानंतर हिरवे फुटले की अशी उसळतात की त्याच वयाची, सुस्थितीत वाढलेली कोकरेही तेवढी वाढत नाहीत. पशुशास्त्रात याला भरपाईची वाढ म्हणतात. तिच्यातला काही भाग खरा असतो आणि काही नुसते भरलेले पोट असते. म्हणून वजन सकाळी, चरायला सोडण्यापूर्वी घेणे भाग आहे, नाहीतर हिरव्या चाऱ्याचे पाणीच मांस म्हणून वहीत लिहिले जाते. आणि ही उसळी सर्वांना सारखी मिळत नाही. आईच्या दुधाच्या काळातच ज्याची आबाळ झाली ते कोकरू पुढे कितीही हिरवे मिळाले तरी बहुधा मागेच राहते. दूध सुटल्यावर ज्याची वाढ अडली ते बरेचसे भरून काढते. हा फरक आमच्या दृष्टीने पैशाचा आहे. वैशाखात हडकलेले कोकरू तेव्हाच विकावे की आषाढापर्यंत थांबावे, हा प्रश्न दरवर्षी वाड्यावर पडतो आणि त्याचे उत्तर दर वेळी दलाल देतो.

पण थांबण्यालाही धोका आहे. पावसाने जसे गवत येते तसेच जंतही येतात. रक्त पिणारा गोल जंत, ज्याला आपण हिमोंकस म्हणता, त्याच्या अंड्यांतून उबदार ओलीत आठवडाभरात गवतावर चढणारी अळी तयार होते आणि पोटात गेल्यावर तीनेक आठवड्यांत ती पुन्हा अंडी घालू लागते. डोळ्याची पापणी उलटून आतला रंग पांढुरका दिसला की आमचे म्हातारे कोकरू वेगळे काढतात. डोळ्याच्या रंगावरून रक्तक्षय ओळखण्याचा तक्ता दक्षिण आफ्रिकेत तयार झाला, तो त्यांना माहीत नाही, पण नजर तीच आहे. जागा बदलत राहणाऱ्या खांडीला या जंतांचा त्रास एका जागी चरणाऱ्या खांडीपेक्षा कमी व्हायला हवा, असे तर्क सांगतो, कारण अळी तयार होईपर्यंत खांड पुढे गेलेली असते. तो आमच्या वाटेवर खरा ठरतो का, हे तपासण्यासाठीसुद्धा वजनांची वही लागेल.

वजने घेणाऱ्यांना एक सूचना आधीच देऊन ठेवतो, कारण मी स्वतः या खड्ड्यात पडलो होतो. पहिल्या हंगामाच्या शेवटी मी सरासरी काढली आणि पाचव्या महिन्यानंतर कोकरे जणू वाढायचीच थांबली, असा निष्कर्ष माझ्या हाती आला. आठवडाभराने ध्यानात आले की भरदार नर आधीच बकरी ईदेच्या बाजारात गेले होते आणि काट्याला मागे राहिलेलीच लागत होती. याच्या उलट, दोन महिन्यांच्या आत दगावणारी बहुतेक अशक्त कोकरे असतात, आणि ती गेल्याने उरलेल्यांची सरासरी न वाढताच चढते. त्यामुळे खांडीची सरासरी काढून चालणार नाही. प्रत्येक कोकराच्या कानात क्रमांक हवा, त्याची स्वतःची रेषा हवी, आणि ते केव्हा व का कमी झाले याची नोंद हवी. नर-मादी, एकटे की जुळे, आईचे कितवे वेत, हे तर हवेच. फलटणच्या निंबकर संशोधन संस्थेने बंगालच्या गारोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनी मेंढ्यांत आणून सुवर्णा मेंढी तयार केली, हे काम मोठे आहे. पण चालत्या वाड्यावर दोन कोकरांना पुरेल एवढे दूध कोणत्या महिन्यात असते आणि कोणत्या महिन्यात नसते, हे कळल्याशिवाय ती मेंढी आम्ही घ्यावी की नाही, हे मी भावाला सांगू शकत नाही.

आणखी एका बाबतीत गोठ्याचा हिशेब वाड्याला लागू पडत नाही. गोठ्यातल्या कोकराचा चारा विकत घ्यावा लागतो, म्हणून तिथे वाढ मंदावली की तोटा सुरू होतो. वाटेवरच्या कोकराची लेंडी विकली जाते. शेतकरी रात्रीच्या बकऱ्यांची संख्या पाहून धान्य नाहीतर रोख देतो, आणि त्या मोजणीत हळू वाढणारे कोकरूही धरले जाते. लोकर आणि घोंगडीचे पैसे आता नाममात्र राहिले, लेंडीखताचे अजून तसे झालेले नाहीत. ज्या प्रतिमानात किलोंशिवाय दुसरे उत्पन्न नाही, ते आम्हाला बंदिस्त व्हा असाच सल्ला देणार. बंदिस्त मेंढीपालनाला माझा विरोध नाही. ज्यांच्याकडे पाणी, मका आणि मुलांच्या शाळेची काळजी आहे, त्यांनी ते जरूर करावे. परंतु राष्ट्रीय पशुधन अभियानात ५०० मेंढ्या आणि २५ नरांच्या प्रकल्पाला ५० टक्के, म्हणजे कमाल ५० लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदान मिळते. एवढी रक्कम ज्या तक्त्यावर मंजूर होते, तो तक्ता निदान या जिल्ह्यात मोजलेला असावा. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे कर्नाटकात एक कोटी दहा लाखांहून अधिक मेंढ्या आहेत. डोकी आपण मोजली आहेत, वजने मोजायची राहिली आहेत.

त्यासाठी फार मोठा खर्च लागेल असे मला वाटत नाही. चिकोडी, अथणी आणि रायबाग तालुक्यांतल्या दहा-पंधरा चालत्या खांडी, तितकीच गावावर राहणारी घरे आणि काही बंदिस्त गोठे निवडावेत. कार्तिकातली कोकरे जन्मल्यापासून वर्षभर दर पंधरवड्याला तोलावीत. आणि तोलण्याचे काम वाड्यावरच्याच लिहू-वाचू शकणाऱ्या मुला-मुलींना मानधन देऊन सोपवावे. काट्यापाशी बाहेरून आलेला माणूस दिसला की कोकरू बिथरते आणि मेंढपाळही. वाडा मिरजेकडे किंवा कागलकडे गेला म्हणून नोंद तुटू नये, यासाठी पलीकडच्या खात्याशी एक साधा पत्रव्यवहार पुरेल. सीमेबद्दल मला जे म्हणायचे आहे ते म्हणण्याची ही जागा नव्हे; मेंढरांच्या वर्षात मात्र दोन्ही राज्ये येतात, आणि अर्ध्या वर्षाची वजने घेऊन पूर्ण वर्षाची रेषा काढता येत नाही. येणारा तक्ता कानडी आणि मराठी या दोन्ही भाषांत असावा, कारण एकाच पाणवठ्यावर उतरणाऱ्या वाड्यांत कुरुब बांधव कानडीत आणि आम्ही मराठीत हिशेब करतो, आणि कर्जाचा कागद दोघांनाही सारखाच वाचता आला पाहिजे.

अप्पाचीवाडी-कुर्लीला हालसिद्धनाथाच्या यात्रेत भाकणूक ऐकायला आमच्या घरातून दरवर्षी कोणी ना कोणी जाते. पाऊस, पीकपाणी, बाजारभाव असे पुष्कळ काही सांगितले जाते आणि ऐकणारा ते आपल्या परीने लावून घेतो. गणिती प्रतिमान हीदेखील एक प्रकारची भाकणूकच आहे. तिच्याकडे श्रद्धेने पाहायचे नसून ती चुकली तर किती ग्रॅमने चुकली हे विचारायचे असते. म्हणून अर्ध्या खांडींच्या वजनांवर प्रतिमान बसवावे आणि उरलेल्या अर्ध्यांवर, न पाहिलेल्या कोकरांवर, ते ताडून पाहावे, आणि चुकीचा आकडाही बरोबरच्या आकड्याशेजारीच छापावा. चुलतभावाच्या प्रकल्प अहवालात तो दुसरा आकडा असता, तर बँकेनेही हप्ते पाचव्या महिन्याऐवजी सातव्या-आठव्या महिन्यापासून लावले असते, असे मला वाटते.

माझ्या दोन हंगामांच्या वह्या मी आपल्या कार्यालयात आणून देण्यास तयार आहे. अक्षर सुवाच्य आहे. काही पानांवर दुधाचे आणि भंडाऱ्याचे डाग आहेत. या कार्तिकात भावाच्या खांडीत कोकरे होतील, तेव्हा वाडा एकसंबा आणि सदलगा यांच्या दरम्यान कुठेतरी असेल. आपला कोणी माणूस येणार असेल तर सकाळी सातच्या आत यावे, त्यानंतर बकरी सुटतात.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक,
चिकोडी तालुका, जि. बेळगाव